आधी शिकवा, मग निवडा

जून उजाडला की देशातील लाखभर घरांत एक आकडा ठाण मांडून बसतो. 2025 मध्ये जेईई ॲडव्हान्स्डच्या दोन्ही पेपरांना 1,80,422 विद्यार्थी बसले, 54,378 पात्र ठरले आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या 18,160. म्हणजे पात्र ठरलेल्यांपैकीही दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांना जागा मिळणे गणितानेच अशक्य होते. अपात्र ठरलेल्या सव्वा लाखांची तर गोष्टच सोडा. निकालानंतर आठवडाभर पहिल्या शंभरांच्या मुलाखती होतात, पेढ्यांची छायाचित्रे छापून येतात, शिकवणीवर्गांचे फलक चौकाचौकांत झळकतात. रेषेच्या खाली राहिलेल्या मुलाला मात्र सगळीकडून एकच प्रश्न विचारला जातो : “मग, आता ड्रॉप घेणार का?”

माझी तक्रार या प्रश्नाविषयी आहे. गुण हुकलेल्या विद्यार्थ्यासमोर ठेवायला या देशाकडे बहुतेक वेळा एकच पर्याय असतो : तीच परीक्षा, पुन्हा. त्याच दारावर डोके आपटण्याची आणखी एक संधी, यालाच आपण ‘दुसरी वाट’ म्हणू लागलो आहोत.

या समजुतीची परिणती काय होते, ते 2024 च्या नोव्हेंबरात दिसले. 5 नोव्हेंबरला संयुक्त प्रवेश मंडळाने जाहीर केले की जेईई ॲडव्हान्स्ड यापुढे दोनऐवजी तीन वेळा देता येईल. 18 नोव्हेंबरला तेच मंडळ म्हणाले की नाही, दोनदाच. या तेरा दिवसांत काही विद्यार्थी शब्दावर विश्वास ठेवून आपापली महाविद्यालये सोडून मोकळे झाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने त्या तेरा दिवसांत अभ्यासक्रम सोडलेल्यांना परीक्षेला बसण्याची मुभा दिली. न्याय झाला, हे खरेच. परंतु एका जादा संधीच्या आशेवर हातातले शिक्षण टाकून देण्याइतकी अगतिकता अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये कोठून आली, हा प्रश्न त्या निवाड्याने सुटत नाही. तो न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता. तो आपल्यापुढचा आहे.

मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे; माझे निम्मे आयुष्य मोजमापात जाते. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्ही सर्वप्रथम हे शिकवतो की ज्या आकड्यापुढे अनिश्चितता लिहिलेली नाही, तो आकडा अपुरा आहे. व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप ठाऊक नसताना तारेची जाडी सांगू नये. हाच नियम देशातील सर्वांत गाजलेल्या मोजमापाला लावून पाहू. सर्वसाधारण गुणवत्ता यादीत येण्यासाठी 360 पैकी किमान गुण 2022 मध्ये होते 55. 2023 मध्ये 86. 2024 मध्ये 109. 2025 मध्ये 74. प्रश्नपत्रिका कधी सोपी निघते, कधी अवघड. त्यामुळे रेषा हलणारच, आणि त्यात कोणाचा दोष नाही. परंतु मग ही रेषा म्हणजे अभियांत्रिकी वा विज्ञान शिकण्याची किमान पात्रता होय, असे तरी म्हणू नये. ती किती जणांना आत घ्यायचे हे ठरवणारी रेषा आहे. गर्दी मोजून ती आखली जाते, आणि कुवतीचे मोजमाप म्हणून ती घरोघरी पोहोचते.

आता तिच्या आसपासची दाटी पाहा. एक लाख ऐंशी हजार विद्यार्थी 360 गुणांवर सारखे पसरले असते, तरी एकेका गुणावर सुमारे पाचशे जण उभे राहिले असते. प्रत्यक्षात ते सारखे पसरत नाहीत; वरच्या टोकाला विरळ असतात आणि खाली येऊ तशी गर्दी वाढत जाते. चार गुणांचा एक प्रश्न बरोबर आला की हजारोंच्या पुढे जायचे. घाईत चुकला, ऋण गुण पडले, की हजारोंच्या मागे. गुण समसमान झाले तर आधी धन गुण पाहतात, मग गणिताचे, मग भौतिकशास्त्राचे. रांग लावायची म्हणजे असा काहीतरी नियम लागणारच. पण त्या नियमाने पुढे गेलेला मागच्यापेक्षा अधिक हुशार आहे, असे नियम करणारेही म्हणणार नाहीत. तसे म्हणतो तो आपला समाज. लाकडाच्या वखारीतला काटा वाईट नसतो. मणामणाचे ओंडके तोलायला तो उत्तम. त्यावर सोने तोलून, गुंजेच्या फरकावरून कोणाचे आयुष्य ठरवू नये, एवढेच.

येथे थांबून या परीक्षेचे ऋणही मान्य केले पाहिजे. वशिला, देणगी, ओळखीची चिठ्ठी हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अशा देशात सचिवाचा मुलगा आणि शिपायाची मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतात आणि उत्तरपत्रिकेला त्यांची आडनावे ठाऊक नसतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. ही परीक्षा मोडून टाका, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की तीन-तीन तासांचे दोन पेपर हे निवडीचे *एक* साधन आहे. त्याला आपण एकमेव साधन करून ठेवले, आणि मग त्याच्या त्रुटीचे ओझे सतरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर दिले.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती लपवून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. बारावीनंतर मीही ही परीक्षा दिली आणि रेषेच्या खाली राहिलो. दुसऱ्या वर्षासाठी शहरात राहून शिकवणी लावणे घरच्या परिस्थितीत शक्य नव्हते. तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातले. तेथील प्रयोगशाळेत वर्णपटमापी एकच होता आणि त्याच्यासमोर आमची रांग लागे. तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी एकदा तास संपल्यावर मला थांबवून विचारले, “जॅम नावाची परीक्षा ऐकली आहेस का?” मी ऐकली नव्हती. त्यांनाही ती एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रातून कळली होती. बी.एस्सी. झालेल्यांना आयआयटीत एम.एस्सी.साठी घेणारी ही परीक्षा. ती मी दिली आणि एका आयआयटीत पोहोचलो. पहिल्याच सत्रात पुंजयामिकीच्या एका वर्गात बी.टेक.चे विद्यार्थी आमच्याबरोबर बसत. ज्या रेषेने मला तीन वर्षांपूर्वी बाहेर ठेवले होते, तिच्या पलीकडची ही मुले. आमचे गृहपाठ एकच होते, प्रश्नपत्रिका एकच होती. पहिल्या चाचणीत मी सपाटून मागे पडलो. सत्र संपताना वर्गाच्या मध्यावर होतो. दुसऱ्या वर्षी कोण कोठून आले आहे हे विचारायला कोणाला सवड राहिली नव्हती.

ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याचा शोधनिबंध मी स्वतः परत पाठवतो. मला जे सांगायचे आहे, ते माझ्या बी.एस्सी.च्या वर्गाविषयी आहे. आम्ही बेचाळीस जण होतो. ‘जॅम’ हा शब्द ठाऊक असलेले त्या वर्षी दोन. उरलेल्या चाळिसांत माझ्यापेक्षा चांगले गणित करणारा एक मित्र होता; ज्या दिवशी त्याला या परीक्षेविषयी कळले, त्या दिवशी अर्जाची मुदत संपून दोन आठवडे झाले होते. पुढच्या वर्षापर्यंत थांबणे त्याच्या घरी परवडणारे नव्हते. आज तो सुखाने संसार करतो आहे, चांगली नोकरी आहे, त्याची कीव करण्याचे काही कारण नाही. पण भारतीय भौतिकशास्त्राने एक माणूस गमावला आणि त्याची नोंद कोणत्याही खात्यात झाली नाही. वाट अस्तित्वात होती. ती दिसण्यासाठी मात्र एका सरांना एक पत्र यावे लागले होते. दैवयोगावर चालणाऱ्या अशा व्यवस्थेला मी तरी ‘पर्यायी मार्ग’ म्हणणार नाही.

शिवाय होत्या त्या वाटाही अरुंद होत चालल्या आहेत. 1999 मध्ये सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना शिष्यवृत्ती देत असे, आणि तिच्या आधारे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व आयसर यांचे दारही उघडत असे. 2022 मध्ये ती बंद करून ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन करण्यात आली. आयसर संस्था 2006 मध्ये पुणे आणि कोलकाता येथे सुरू झाल्या. त्यांच्याकडे दीर्घकाळ तीन वाटांनी जाता येई : किशोर वैज्ञानिक योजना, जेईई, आणि बोर्डाच्या परीक्षेत वरचे स्थान मिळवून दिलेली अभियोग्यता चाचणी. 2024 पासून तेथे एकच परीक्षा उरली आहे, आयएटी. तीन तासांत साठ प्रश्न. एकच परीक्षा ठेवल्याने व्यवस्था सुटसुटीत होते, हे मान्य. परंतु तीन वेगवेगळी साधने तीन वेगवेगळे गुण टिपत होती. त्यांच्या जागी एक साधन आले की त्याची त्रुटी आपण सरसकट सर्वांवर लादतो. आणि एक परीक्षा उरली की तिच्याभोवती शिकवणीवर्ग उभे राहायला वेळ लागत नाही.

यावर काही जण म्हणतील की नवी दारेही उघडत आहेत. आहेत खरी. आयआयटी मद्रास आणि आयआयटी कानपूर यांनी विज्ञान ऑलिम्पियाडमधील कामगिरीवर प्रवेश देण्याचे जाहीर केले. मद्रासने त्याआधी खेळाडूंसाठीही जागा ठेवल्या. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ऑलिम्पियाडच्या प्रशिक्षण शिबिरापर्यंत, म्हणजे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रापर्यंत, एकेका विषयात पोहोचतात ती अवघी काही डझन मुले. त्यांतली बरीचशी पहिल्या दारानेही आत येऊ शकली असती. आणि खेळाडूंच्या जागांसाठी जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव असावेच लागते. एकाच वाड्याला दोन दरवाजे झाले, एवढाच याचा अर्थ. ज्यांच्याकडे पहिली किल्ली नव्हती, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती दुसरी आली.

मग खरी दुसरी वाट कशी असते? तिची दोन उदाहरणे आपल्याच देशात, त्याच आयआयटींमध्ये आहेत आणि दोन्हींविषयी फारसे कोणी बोलत नाही.

पहिले उदाहरण पूर्वतयारी अभ्यासक्रमाचे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर त्या प्रवर्गाच्या पात्रतारेषेच्या निम्म्यापर्यंत गुण मिळवलेल्यांची स्वतंत्र यादी लागते. त्यांना आयआयटी वर्षभर स्वतः शिकवते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इंग्रजी. वर्षअखेर संस्थेच्या कसोटीला उतरलेल्यांना पुन्हा जेईई न देता पहिल्या वर्षात प्रवेश मिळतो. यामागचा विचार नीट लक्षात घ्यावा. संस्था विद्यार्थ्याला ‘तू कमी पडलास, जा आणि शिकून ये’ असे म्हणत नाही. ‘तुला शिकवलेच गेले नसेल, तर ते काम माझे’ असे म्हणते, आणि मग कसोटी घेते. ज्याला हे सवलतीचे वर्ष वाटते, त्याने अपरिचित भाषेत, घरापासून दूर, वर्षअखेरच्या परीक्षेची तलवार डोक्यावर घेऊन ते वर्ष काढून पाहावे.

दुसरे उदाहरण आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. पदवीचे. 2020 मध्ये प्रोग्रामिंग व डेटा सायन्सपासून तिची सुरुवात झाली. 2023 मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सची भर पडली. येथे जागांची मर्यादा नाही. डेटा सायन्सला जेईई न देता अर्ज करता येतो. चार आठवडे प्रत्यक्ष अभ्यासक्रम शिकवतात, दर आठवड्याला गृहपाठ असतात, ते जमले तर केंद्रावर बसून पात्रता परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश. पुढे पायरीपायरीने प्रमाणपत्र, पदविका, पदवी. ही बी.टेक. नाही, आणि तसा दावाही कोणी करू नये. प्रयोगशाळेचा वास, वसतिगृहातल्या रात्री, शेजारच्या बाकावरून मिळणारे शिक्षण पडद्यावरून मिळत नाही. तरीही ‘ही काही खरी आयआयटी नव्हे’ असे हिणवणाऱ्यांनी एक फरक पाहावा : येथे विद्यार्थ्याला त्यानेच शिकायच्या विषयावर, शिकवून झाल्यावर, जोखले जाते. मला मोजमापाचे शास्त्र जेवढे कळते, त्यानुसार ही पद्धत अधिक शुद्ध आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला नेहमीचा : अशाने दर्जा घसरेल. दर्जा प्रवेशाच्या क्षणी ठरतो, असे मानणाऱ्यांनाच ही भीती वाटते. संस्थेचा दर्जा पदवी देताना ठरतो. बाहेर पडण्याची कसोटी सर्वांना एकच ठेवा, आत येण्याच्या वाटा चार ठेवा. काय घसरणार आहे? आणि दर्जाची ही चिंता व्यवस्थापन कोट्याच्या वेळी कोठे दडी मारते? पैसे मोजून उघडणाऱ्या दाराला आपण ‘पर्याय’ म्हणतो आणि एक वर्ष घाम गाळून उघडणाऱ्या दाराला ‘मागचे दार’. या शब्दांतच आपला न्याय किती एकांगी आहे, ते कळते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला पटतोही. परीक्षेच्या पलीकडे माणसाचा निर्णय आला की वशिला येतो. मुलाखत, शिफारस, ‘सर्वांगीण मूल्यमापन’ हे शब्द आपल्याकडे कोणाच्या सोयीने वापरले जातील, ते सांगायला नको. म्हणूनच माझी मागणी ‘अंकांपलीकडे माणूस पाहा’ अशी हळवी नाही. नियम आधी जाहीर करा, शिकवणे सर्वांना खुले ठेवा, कसोटी लेखी आणि निनावी घ्या. वर दिलेल्या दोन्ही उदाहरणांत प्रवेश परीक्षेनेच मिळतो. बदलतो तो क्रम. आधी शिकवणे, मग परीक्षा.

तिसरा आक्षेप पालकांचा : “आमच्या मुलीने दोन वर्षे सण-समारंभ सोडले, तिचे काय?” तिच्या कष्टांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. तिची जागा कोणी घेऊही नये. 2018 पासून आयआयटींनी मुलींचे प्रमाण वाढवण्यासाठी अतिरिक्त जागा निर्माण केल्या. कोणाची जागा काढून घेतली नाही. मनात आणले तर जागा वाढवता येतात, हे त्यातून सिद्ध झालेले आहे.

या आधारावर तीन गोष्टी मागाव्यात, असे मला वाटते.

पहिली, मधल्या वर्षांत प्रवेश. पदविका झालेल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वर्षानुवर्षे चाललेली, लोकांच्या अंगवळणी पडलेली वाट आहे ही. आयआयटीच्या बी.टेक.ला मात्र अशी वाट नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बहुविध प्रवेश व निर्गमन आहे, त्यासाठी श्रेयांकांची बँकही काढली आहे. पण ज्या बँकेचा धनादेश मोठ्या पेढीवर वटत नाही, तिचे पासबुक घेऊन विद्यार्थ्याने करायचे काय? कॅलिफोर्निया राज्याने 1960 च्या आराखड्यात ही तरतूद केली आणि आजही तेथील साध्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून विद्यार्थी थेट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातात. त्यामुळे त्या विद्यापीठाची कीर्ती लयाला गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी, पूर्वतयारी वर्षाचा विस्तार. सध्याच्या प्रवर्गांचा हक्क तसूभरही कमी न करता, अतिरिक्त जागांवर, ज्या मुलांच्या शाळेत भौतिकशास्त्राला शिक्षकच नव्हता त्यांच्यासाठीही असे वर्ष सुरू व्हावे.

तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे : आकडेवारी उघड करा. जेईईने आलेले, पूर्वतयारीतून आलेले, जॅमने आलेले यांच्या श्रेणी, पदवी, पुढील शिक्षण यांच्या नोंदी संस्थांकडे वर्षानुवर्षे पडून आहेत. नावे काढून त्या प्रसिद्ध करा. कदाचित माझे म्हणणे चुकीचे ठरेल. ठरू दे, मग मी ही पोस्ट काढून टाकीन. देशातील उत्तमोत्तम वैज्ञानिक संस्थांनी स्वतःच्या निवडपद्धतीचा प्रयोग दशकानुदशके चालवावा आणि त्याचे निष्कर्ष तपासायला कोणालाच देऊ नयेत, हे विज्ञानाच्या कोणत्या शिस्तीत बसते?

शेवटी, ज्यांची रेषा यंदा हुकली त्यांच्यासाठी दोन शब्द. सांत्वन करत नाही, माहिती देतो. विज्ञान आवडत असेल तर बी.एस्सी. ही शिक्षा समजू नका. तिसऱ्या वर्षी जॅम असते. बावीस-तेवीस आयआयटींत मिळून तिच्यातून एम.एस्सी.च्या सुमारे तीन हजार जागा भरतात आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.लाही ती चालते. भौतिकशास्त्रवाल्यांसाठी जेस्ट आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतंत्र परीक्षा आहे. बारावीनंतर आयएटीखेरीज नायसरसाठी नेस्ट असते, चेन्नईच्या गणितीय संस्थेची स्वतःची परीक्षा असते. यांचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी सुटतात आणि मुदती कोणासाठी थांबत नाहीत.

माझ्या त्या मित्राला हे दोन आठवडे उशिरा कळले. तुमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कोणी ओळखीचे असेल, तर ही पोस्ट आवडल्याचा अंगठा देण्याऐवजी हा शेवटचा परिच्छेद त्याला वा तिला आजच पाठवा. आमच्या सरांना आलेले ते पत्र आता तुम्ही लिहायचे आहे.